गरम झाली की स्टार्टच होत नाही: जुन्या शेवी व्ही-एटचं नेहमीचं दुखणं

सकाळी एका चावीत चालू होते, फ्रीवेवर तासभर मस्त पळते, टेम्परेचरचा काटा जागच्या जागी, आणि मग देसी ग्रोसरीसमोर पंधरा-वीस मिनिटं उभी केली की चालू व्हायचं नाव नाही. तासाभराने परत जणू काही झालंच नाही अशी स्टार्ट. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या अमेरिकन गाड्यांबद्दल मला जे फोन येतात त्यातले बरेचसे हेच रडगाणं असतं, आणि समोरचा माणूस रोगाचं नावही स्वतःच सांगून टाकतो: वेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुढचं पेट्रोल अडणं. बरं, नुसतं सांगून थांबत नाही, तोवर इलेक्ट्रिक फ्युएल पंप ऑर्डरही केलेला असतो. तो पंप अजून आला नसेल तर आधी हे वाचा, कारण बहुतेक वेळा तो वेपर लॉक नसतोच.

माझी गाडी १९७१ ची शेव्हेल, ३५० क्युबिक इंचांचं इंजिन, ह्यूस्टनच्या उन्हात राहते. मित्रमंडळींच्या नोव्हा, कॅमारो आणि एक सी-१० पिकअप पण याच तक्रारीसाठी माझ्या ड्राइव्हवेवर येऊन गेलेत. सगळी स्मॉल ब्लॉक शेवी, म्हणजे १९५५ पासून चालत आलेलं तेच खानदान, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं एकमेकांना लागू पडतं. फोर्ड मस्टँगवाल्यांसाठी जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी लक्षणं बघा, पाना नंतर उचला

चावी फिरवल्यावर नक्की काय होतं ते ऐका. सगळं तिथेच आहे.

नुसता टक आवाज, किंवा काहीच नाही, किंवा इंजिन रडत रडत फिरतंय: हा करंटचा आणि सेल्फचा प्रॉब्लेम. पेट्रोलचा याच्याशी काही संबंध नाही.

इंजिन जोरात फिरतंय, पेट्रोलचा भपकन वास येतोय, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की भडभडत काळा धूर सोडत चालू होते: पेट्रोल जास्त झालंय. लोक याला वेपर लॉक म्हणतात आणि हे त्याच्या बरोब्बर उलटं आहे.

इंजिन फिरतंय, वास अजिबात नाही, चालू झालीच तर दोन सेकंदात बंद, किंवा ट्रॅफिकमध्ये चालता चालताच गचके खायला लागली: पेट्रोल पोचत नाहीये. खरा वेपर लॉक असलाच तर तो इथे.

फिरतंय, पेट्रोल आहे, तरी एकही भडका नाही. किंवा एक विचित्र प्रकार, सेल्फ मारताना काही नाही आणि चावी सोडताक्षणी एकदा भडकते: इग्निशन.

फिरता फिरता मध्येच अडतं, उलटा झटका देतं, जणू कोणीतरी आतून धरलंय: टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय.

दोन लक्षणं एकत्र असू शकतात, पण एक कोणतं तरी ठळक असतंच. ते कागदावर लिहा, बाहेर किती गरम होतं आणि गाडी किती वेळ उभी होती तेही लिहा. पुढे उपयोग आहे.

बंद केल्यावर जास्त का तापते

गाडी चालू असताना फॅन फिरतोय, वॉटर पंप फिरतोय, पुढून वारा येतोय. चावी बंद केली की हे तिन्ही एकदम थांबतं, पण लोखंडाचा तो सगळा ढीग तापलेलाच असतो आणि ती उष्णता वर चढत राहते. बॉनेटखालचं तापमान बंद केल्यानंतरची काही मिनिटं वाढतच जातं. म्हणून लगेच चावी मारली तर चालू होते, वीस मिनिटांनी होत नाही, तासाभराने होते. सगळ्यात जास्त मार बसतो तो दोन जागी. एक कार्ब्युरेटर, जो इंटेक मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलाय आणि त्याच्या पोटातून एक्झॉस्टचा गरम रस्ता जातो. दुसरा सेल्फ, जो खाली उजव्या बाजूला एक्झॉस्टला चिकटून आहे. फोर्डने सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) वर, बॅटरीजवळ फेंडरवर ठेवला, म्हणून मस्टँगवाल्यांना सेल्फची ही तक्रार तुलनेने कमी.

त्यात आताचं पेट्रोल. अमेरिकेत बहुतेक पंपांवर दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉल ७८ अंश सेल्सियसला उकळतं आणि पेट्रोलमधले हलके घटक त्याच्या कितीतरी आधी. गाडीचा थर्मोस्टॅटच १८० फॅरनहाइटचा, म्हणजे ८२ सेल्सियस, तर वरच्या कार्ब्युरेटरमध्ये काय होत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय हिवाळ्याचं पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात, थंडीत स्टार्ट व्हावं म्हणून. उन्हाळ्याचं कमी उडणारं पेट्रोल पंपावर १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सक्तीचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये टेक्ससमध्ये तिशी ओलांडली की टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल आणि बाहेर उन्हाळा. तक्रारीचे सगळ्यात जास्त फोन तेव्हाच येतात, जुलैत नाही.

फुकटातल्या तपासण्या

पहिली, पेडलची पद्धत. गरम इंजिनला पेडल पंप करायचं नाही. प्रत्येक वेळी पेडल मारलं की अ‍ॅक्सिलरेटर पंप आत पेट्रोलची पिचकारी मारतो, आणि आत आधीच पूर आलेला असेल तर तुम्ही त्यात भर घालताय. पेडल सावकाश खालपर्यंत दाबा, तिथेच धरून ठेवा, आणि सेल्फ मारा, दहा सेकंद, जास्त नाही. चालू झाली की सोडा. नाही झाली तर सेल्फला दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर तोही तापून बसेल आणि मग मूळ रोग कोणता हेच कळणार नाही. या एका सवयीने काही लोकांचा प्रश्न तिथेच संपतो, खरंच.

दुसरी, कार्ब्युरेटरमध्ये बघा. इग्निशन बंद, चावी खिशात, सिगरेट वगैरे लांब. एअर फिल्टरचं झाकण काढा आणि टॉर्चने आत, घशात बघा. मधल्या पितळी नोझलच्या तोंडातून बंद इंजिनमध्ये पेट्रोल थेंब थेंब गळताना दिसलं, खालच्या थ्रॉटलच्या पात्यावर ओलं चकचकीत डबकं दिसलं, तर बाउलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं, पेट्रोल उकळून बाहेर येतंय, दूध उतू जातं तसं. कान जवळ नेला तर बारीक बुडबुड आवाजही येतो. आता हाताने थ्रॉटल उघडा. दोन बारीक धारा सुटल्या पाहिजेत. सुटल्या तर बाउलमध्ये पेट्रोल आहे, म्हणजे "पेट्रोल पोचत नाही" हा विषय निदान या क्षणी बाद. धारा नाहीत आणि घसा कोरडा, तर पोचत नाहीये. पंप बदलायचा की नाही हे या एका मिनिटात कळतं. तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच करायची, घरी आणून गार झाल्यावर बघाल तर सगळं छान दिसेल.

तिसरी, ओला फडका. आपल्याकडे घाटात पद्मिनी टॅक्सी बंद पडली की ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओला फडका टाकून बसायचा, आठवतंय? तो चुकत नव्हता. धारा येत नसतील तर मेकॅनिकल पंपावर आणि त्यातून निघणाऱ्या नळीवर ओला फडका ठेवा, पाच मिनिटं थांबा, सेल्फ मारा. चालू झाली तर तो खरा वेपर लॉक. फडका एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लागू देऊ नका, तापलेल्या बिडाला पाणी लागलं की तडा जाऊ शकतो. इथले जुने लोक नळीला कपड्याचे लाकडी चिमटे लावतात, अजूनही शोमध्ये दिसतात. दिसायला मजेशीर, उपयोग मला तरी कधी दिसला नाही.

चौथी, टाकीचं झाकण. आधीच्या मालकाने हवा आत घेणारं झाकण काढून न घेणारं लावलं असेल तर टाकीत व्हॅक्युम होतो आणि पंप हवेशी झगडत बसतो. झाकण उघडल्यावर सुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली तर गुन्हेगार सापडला.

दहा-वीस डॉलरच्या तपासण्या

सेल्फ रडत असेल तर पहिल्यांदा केबल, सेल्फ नाही. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, आणि त्यात टर्मिनलला पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गार असताना कसंबसं चाललेलं काम गरम झाल्यावर बसतं. दोन्ही टर्मिनल काढा (निगेटिव्ह आधी काढायचं, शेवटी लावायचं), खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वायर ब्रशने चकचकीत करा. मग अर्थ. रिस्टोअर केलेल्या गाड्यांमध्ये हा हमखास घोळ असतो, कारण ब्लॉक, फ्रेम, फायरवॉल सगळं सुंदर रंगवलेलं असतं आणि अर्थची वायर त्या रंगावरच आवळलेली असते. रंगातून करंट जात नाही. वायरच्या कानाएवढी जागा पॉलिश पेपरने उघडी करा, आवळा, वरून थोडं ग्रीस. बॅटरीपासून ब्लॉकला एक आणि इंजिनपासून बॉडीला एक, दोन्ही हवेत. ती दुसरी पट्टी इंजिन बाहेर काढलेल्या गाड्यांमध्ये परत लावायची राहिलेली असते.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करायची गरजच नाही. कॉइलची मधली वायर काढून तिला अर्थ करा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, आणि गरम असतानाच मोजा. बॅटरीच्या दोन टोकांत सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरीच थकलीय, बाकी काही करू नका, आधी ती बघा. बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक ०.२ पेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फचा मोठा बोल्ट ०.५ पेक्षा जास्त तर ती केबल. इथे प्रोब बॅटरीच्या खुंटाला लावायचा, क्लॅम्पला नाही, नाहीतर क्लॅम्पचा दोष मीटरला दिसतच नाही.

इग्निशनच्या लक्षणात सगळ्यात आधी कंडेन्सर. पॉइंटवाल्या गाडीत हा छोटा डबा गार असताना बरा आणि गरम झाला की मेला, असं अगदी सर्रास होतं. किंमत किरकोळ, म्हणून तपासत बसण्यापेक्षा पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला आणि जुने चालू असतील तर डिकीत ठेवा. शेवीत गॅप लावायला डिस्ट्रिब्युटर उघडावा लागत नाही, कॅपला छोटी खिडकी आहे, तिच्यातून ⅛ इंचाची अ‍ॅलन की घालून इंजिन चालू असतानाच ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशावर आणा. मस्टँग २८९ ला खिडकी नाही, तिथे गॅप ०.०१७ इंच, फीलर गेजने.

त्यानंतर कॉइल. आतली बारीक तार तापून फुगते आणि कुठेतरी तुटते, गार झाली की परत जोडली जाते. गरम असताना हात लावून बघू नका, मीटर लावा. मूळ कॉइलचा प्रायमरी दीड ओहमच्या आसपास असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर विषय संपला.

आणि ते विचित्र लक्षण, चावी सोडताना भडकणारं. पॉइंट जळू नयेत म्हणून चालू गाडीत कॉइलला रेझिस्टन्स वायरमधून कमी व्होल्टेज मिळतं, पण सेल्फ मारताना पूर्ण बारा मिळावेत म्हणून शेवीत सोलेनॉइडच्या "आर" टर्मिनलवरून वेगळी वायर येते. फोर्डमध्ये तेच काम "आय" टर्मिनल करतो. ती वायर तुटली, जळली किंवा नवा सेल्फ बसवताना कोणी लावलीच नाही, तर सेल्फ बॅटरी ओढत असताना कॉइलच्या वाट्याला उरतं तरी काय? गार इंजिन तेवढ्यावर चालून जातं, गरम नाही. स्पार्क बघायचा तर स्पार्क टेस्टर वापरा, आणि नुकता पेट्रोलचा पूर आला असेल तर आधी बॉनेट उघडं ठेवून वास पूर्ण जाऊ द्या. प्लगची वायर हातात धरून ठिणगी दाखवणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांचं ऐकू नका.

मग पन्नास-शंभर डॉलर आणि एक शनिवार

पेट्रोल उकळत असेल तर कार्ब्युरेटरच्या खाली बघा. मूळ जाड इन्सुलेटिंग गॅसकेट आहे का, की नवीन चकचकीत अ‍ॅल्युमिनियम इंटेक बसवताना कोणी पातळ कागदी लावलाय? जाड फिनॉलिक (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) स्पेसर लावला की उष्णता वर चढायची बरीच कमी होते. लावण्याआधी बॉनेट बंद होतंय का ते मोजा, एअर फिल्टरच्या डोक्यावर चिकणमातीचा गोळा ठेवून बॉनेट अलगद टेकवा आणि किती चेपला ते बघा. एडलब्रॉक कंपनीचा कार्ब्युरेटर लावला असेल तर प्रेशर गेज लावा, त्याला साडेपाच पीएसआयच्या आसपास मानवतं, त्याहून बरंच जास्त झालं की नीडल धरत नाही आणि बाउल ओसंडतो. फ्लोट लेव्हल मॅन्युअलप्रमाणे, आणि या गरमीत किंचित खालीच बरी.

उजव्या बाजूच्या एक्झॉस्टला मॅनिफोल्डखाली हीट रायझरची झडप असते. गार इंजिनला ती बंद राहून इंटेक तापवते, नंतर उघडते. गंजून बंद अवस्थेतच अडकली असेल तर तुमचा कार्ब्युरेटर बारा महिने चुलीवर बसलाय. गार असताना हाताने हलवून बघा, हलत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल आणि हलकी ठोक.

खरा वेपर लॉक असेल तर पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा. फॅक्टरीने ती विचार करून वळवलेली असते. क्रोम फिल्टर आणि रबरी नळी हेडरवरून (नंतर बसवलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांवरून) नेणं हे नंतरच्या हौशी लोकांचं काम. एसीवाल्या बऱ्याच गाड्यांना तीन तोंडांचा फिल्टर होता, तिसरं तोंड वाफ आणि जादा पेट्रोल टाकीत परत पाठवायचं. "ही जास्तीची नळी कशाला" म्हणून ती बुजवलेली मला सारखी सापडते. परत जोडा, इलेक्ट्रिक पंपाचा खर्च वाचला. रबर बदलायचंच असेल तर इथेनॉल झेपणारी नळी घ्या, जुनं रबर आतून विरघळतं आणि त्याचा काळा चिखल फिल्टरमध्ये बसतो.

टायमिंग पुढे गेलं असेल तर टायमिंग लाइट लावा, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून बघा. मोठा कॅम बसवलेल्या गाड्यांना सुरुवातीचं टायमिंग जास्त लागतं हे खरं, पण ऐकीव आकडा लावून गरम सेल्फला उलटे झटके बसत असतील तर दोन-दोन अंश मागे या.

आता सेल्फ. केबल, अर्थ, बॅटरी सगळं मीटरवर पास झालं आणि तरी गरम असताना नुसता टक, तर सोलेनॉइडकडे जाणारी जांभळी वायर मोजा. ती इग्निशन स्विच, न्यूट्रल स्विच आणि फायरवॉलच्या कनेक्टरमधून फिरून येते, पन्नास वर्षांत तिथे रेझिस्टन्स साठलेला असतो. गार सोलेनॉइडला नऊ व्होल्ट पुरतात, तापलेल्याला पुरत नाहीत. वर फेंडरवर एक रिले लावून सोलेनॉइडला थेट बॅटरीचा करंट द्या, स्वस्त आहे आणि कायमचं काम होतं. हेडर्स असतील तर हीट शील्डही लावा. त्यानेही भागलं नाही तरच गियर रिडक्शनचा छोटा सेल्फ घ्या. बोल्ट मात्र शेवी सेल्फचेच, दातेरी मानेचे, कारण सेल्फ नेमक्या जागी ते दातेच धरतात. साधा बोल्ट लावला की सेल्फ तिरका बसतो आणि रिंग गियरचे दात खातो. गाडीखाली जाताना जॅक स्टँड, चाकांना ठोकळे, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कार्ब्युरेटरच्या अंगातून किंवा पंपाच्या खालच्या भोकातून पेट्रोल बाहेर, गरम लोखंडावर गळताना दिसलं तर सेल्फ मारायचा नाही. बॅटरी काढा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, गाडी टो करा. वायरिंगचं प्लास्टिक वितळलेलं किंवा फ्युजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारी वायर) फुगलेली दिसली तरी तेच, तिथे जास्त जाडीची वायर टाकून काम भागवू नका, पुढच्या वेळी वायर नाही, गाडी जळेल. सेल्फचा खरखर करत दात घासल्याचा आवाज येत असेल तर प्रत्येक प्रयत्नाला रिंग गियर झिजतोय आणि तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि नवीन बांधलेलं इंजिन गरम झाल्यावर चांगल्या बॅटरीवर, बरोबर टायमिंगवरही जड फिरत असेल, तर आत काहीतरी घट्ट बसलंय. ते ज्याने बांधलं त्याच्याकडेच परत न्या, बाहेरून काही होणार नाही.

गॅरेज निवडताना फोनवरच विचारा, ड्वेल मीटर आणि टायमिंग लाइट आहे का. स्कॅनर लावायचा ओबीडी पोर्ट १९९६ पासून सक्तीचा झाला, तुमच्या गाडीत तो नाही, आणि स्कॅनर कुठे लावायचा असं विचारणाऱ्याला गाडी देऊ नका. जाताना तो लक्षणांचा कागद द्या, मीटरचे आकडे लिहिलेले असतील तर उत्तमच. आणि गाडी सकाळीच नेऊन दाराशी गार उभी करू नका. त्याच्या वेळेच्या आधी अर्धा तास फ्रीवेवर फिरवा, त्याच्यासमोर बंद करा आणि पंधरा मिनिटं तिथेच थांबा, म्हणजे त्याला रोग प्रत्यक्ष बघायला मिळेल.